दिनकरभाऊंच्या स्टुडिओतला बॅकअप

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. मशीन सुरू झालं की लोक बिघाड विसरतात. त्या वेळी ते काय बोलले, ते मात्र आपल्या डोक्यात राहतं. माझ्याकडचे बरेचसे चिखलीच्या दिनकरभाऊंच्या फोटो स्टुडिओतले आहेत.

पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ असत. त्यांची एक प्रत, म्हणजे बॅकअप, रोज केबलमधून मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर जाई. एकदा ती फारच रेंगाळायला लागली.

"सॉफ्टवेअर बदलून टाक," भाऊ म्हणाले.

मी सॉफ्टवेअर बंद करून एक फाईल साधी कॉपी केली. तीही तशीच रेंगाळली. म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. केबल धरून मागे मागे गेलो, तर ती गिऱ्हाइकांच्या सोफ्याच्या पायाखाली चेपलेली.

भाऊ सोफ्याकडे बघत म्हणाले, "माह्या सासऱ्यानं दिलेला हाये तो. त्याले काही म्हणता येत नाही."

*

केबल बदलली. आता मोठा व्हिडिओ झरझर जाई, पण बारीक फोटोंचा ढीग आला की गाडी पुन्हा अडे. अँटिव्हायरस प्रत्येक फोटो उघडून तपासत होता. मी हे समजावत होतो, तेवढ्यात भाऊच म्हणाले, "म्हणजे मांडवाच्या दारात एकएकाले नाव-गाव इचारून राह्यला तो. मंग पंगत कवा बसन?"

ती तपासणी मी बॅकअपपुरती बंद केली.

*

तिसऱ्या वेळी केबल चांगली, तपासणी बंद, तरी एक जुनं फोल्डर हलेना. ते आहे त्याच कॉम्प्युटरवर उघडायलाही वेळ लागत होता. म्हणजे डिस्कच खराब होत चालली होती.

"बाकी सगळं थांबवू," मी म्हणालो. "आधी काय वाचवायचं, सांगा."

भाऊंनी खुर्चीवरच्या आप्पांकडे पाहिलं. आप्पा सकाळच्या एसटीनं मोताळ्याहून आले होते. त्यांना त्याच फोल्डरमधला मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ हवा होता. घरची सीडी घासून गेली होती, आणि बायको पोळ्यानंतर वारली होती.

"येईन का हो ते?" आप्पांनी विचारलं.

"हाव. हळू येईन," भाऊ म्हणाले.

स्क्रीनवरची पट्टी अडायची, पुन्हा सरकायची. दुपार कलली तेव्हा फाईल पूर्ण आली. आम्ही ती लावली. वाजंत्री, गर्दी, अक्षता. मग हिरव्या लुगड्यातली आप्पांची बायको ताट घेऊन जाता जाता थांबली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला पाहून म्हणाली, "तुम्ही जेवले काय?"

स्क्रीनकडे पाहत आप्पा म्हणाले, "नाही अजून."