आधीपासूनची बाज

संगमनेरात कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे नुकते निघू लागले होते, तेव्हा मी असे नकाशे काढणाऱ्या एका बाईंकडे गेलो. दारं, खिडक्या, ओटा त्यांनी एकदाच काढून साठवून ठेवले होते. नवं घर आलं की माऊसने उचलायचं, जागेवर बसवायचं आणि गार झालेल्या चहाचा घोट घ्यायचा.

माझ्या घराच्या नकाशाला नीट सुरुवातही झाली नव्हती, तरी पडद्यावर पुढच्या खोलीच्या चौकोनात एक बाज दिसली.

"ही कुणाची?"

"म्हाताऱ्या माणसाची. सगळ्यांच्याच नकाशात आधीपासून असती. मागनं जागा उरत न्हाई."

"आमचे वडील गावीच राहतात."

"मग काढा म्हना, लगेच काढते."

'काढा' एवढंच म्हणायचं होतं. बाई माऊस धरून थांबल्या होत्या.

"खिडकी तेवढी बाजेजवळ घ्या," मी म्हणालो.