सील तू तोड

आमच्या गल्लीतल्या काकू रेडिओच्या कॉइल घरीच गुंडाळत. बोलतानाही तार दातात धरलेली. कंपनीच्या स्वस्त रेडिओवर जवळचीच स्टेशनं लागायची. काकूंची कॉइल बसवली की परदेशातलीही लागायची. पण झाकणावरचं कंपनीचं सील त्या स्वतः कधी तोडत नसत. ज्याचा रेडिओ, त्याच्या हातात पेचकस देत.

मी नवा रेडिओ घेऊन गेलो, तेव्हाही तेच. "सील तू तोड."

"काकू, गॅरंटी जाईल."

"रेडिओ तुहा हाय ना गा? मंग त्यात काय बसवाचं, हे कंपनी काहून ठरवते?"

मी तोडलं.

पुढे आवाजाचं बटण बिघडलं. जिथून घेतला, त्या सीताबर्डीच्या दुकानात नेला. दुकानदारानं रेडिओ उलटा केला, तुटलेलं सील पाहिलं आणि डोळे वटारले.

"हे त्या बाईनंच तोडलं ना? सांगा, तिची तक्रारच करतो कंपनीले."

"मी तोडलं. माझ्या हातानं," म्हणालो, आणि रेडिओ उचलून थेट काकूंकडे आलो.

त्यांनी तो मांडीवर घेतला. "गेली गॅरंटी?"

"गेली."

काकूंनी दातातली तार काढली. "बरं झालं. आता हा पुरा तुहा झाला."