गुरू चोवीस अंश सरकला

"सर, गुरू समोर चमकून राह्यला अन् दुर्बीण भलतीकडं पाहून राह्यली," वंदनाताई फोनवर म्हणाल्या. त्या मेडशीच्या शाळेच्या मैदानावर होत्या, मी वाशिमला ऑफिसात. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, तिकडं काय ठेवलं हाय? इकडं पाहा," आणि हशा पिकला.

आमची संस्था गावोगाव आकाशदर्शनाचे कार्यक्रम करते. दुर्बीण मोटरवर फिरते. कुठे वळायचं ते मी लिहिलेलं सॉफ्टवेअर सांगतं. वंदनाताई नवीन, अजून प्रोबेशनवर. त्यात मेडशी त्यांचं माहेर.

"स्टँडची लेव्हल नीट केली नसेल," मी म्हणालो. फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं.

"केली ना सर. दोनदा पाह्यली."

मग कार्यक्रमाला आलेल्या आमच्या संचालकांनी त्यांच्याकडून फोन घेतला. "यांना काही जमत नाही असं दिसते. प्रोबेशन इथंच थांबवू का?"

"थोडं थांबा. ताई, दुर्बीण रोहिणीच्या ताऱ्यावर न्या."

"आली सर. मधोमध."

लेव्हल चुकली असती तर ताराही चुकला असता. चुकत होते फक्त ग्रह, आणि ग्रहांच्या भागात नुकताच मी हात घातला होता.

लोक विचारायचे, "पंचांगात गुरू मिथुनेत, तुमच्यात कर्केत काहून?" कारण साधं आहे. आपलं पंचांग आणि हे सॉफ्टवेअर राशी मोजायला वेगवेगळ्या जागेपासून सुरुवात करतात. फरक सुमारे चोवीस अंशांचा. अकोल्यापासून मोजा की वाशिमपासून, मेडशी जागेवरच राहतं, किलोमीटर तेवढे बदलतात. लोकांना ओळखीची रास दिसावी म्हणून मी ग्रहांच्या आकड्यातून ते अंश वजा करायची सोय केली. वजाबाकी फक्त स्क्रीनवर दाखवण्यापुरती हवी होती. मी मूळ आकडाच बदलला. दुर्बीण तोच आकडा घेऊन वळत होती. टेस्टिंग मी केलं होतं, पण ताऱ्यांवर.

"स्पीकर चालू आहे ना?" मी विचारलं. "चूक माझ्या सॉफ्टवेअरची आहे. ताईंची लेव्हल बरोबर होती. सेटिंगमध्ये जाऊन 'पंचांग' बंद करा."

मोटर घरघरली.

"दिसला सर. त्याचे चंद्र बी दिसून राह्यले."

"वंदे, सरक. मले पाहू दे," एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

वंदनाताई पुढे कायम झाल्या. मी ऑफिसात त्यांची माफी मागितली. "जाऊ द्या सर," त्या म्हणाल्या. "पण माही माय तिथंच बसली होती."

आता फोन आला की मी आधी माझा शेवटचा बदल उघडून पाहतो. लेव्हलचं नंतर विचारतो. बहुतेक वेळा विचारावं लागत नाही.