माळ्याखालचं मांडीचं हाड

आमच्या घरात शिकलेला म्हणजे मी. बीडच्या सरकारी मदरशात, म्हणजे तेव्हाच्या शाळेत, उर्दूतून पाच यत्ता, त्यातली पाचवी दोनदा. तेवढ्या भांडवलावर मी घरच्या पोरांना शिकवायचो. बिचारी पळून तरी कुठं जाणार?

त्या साली ज्वारी हुरड्यावर आली होती. पाखरं राखायला मी शेतात माळा बांधला होता. चार मेढी, वर फाट्यांची बैठक आणि मधोमध बाभळीचा टेकू. वर उभी राहून गोफण फिरवायची माझी थोरली बहीण, आक्का. कवळ्या वयात कुंकू पुसून माहेरी आलेली. रान, गुरं, घर सगळं तिच्या पायांवर चालायचं; मी नुसता बोलायचो.

एका सांजेला आक्का घरी गेली आणि मला धडा सुचला.

"हा माळा म्हणजे माणूस," मी पोरांना म्हणालो. "लाकडं म्हणजे हाडं. हाडं नसती तर कणकेच्या गोळ्यावानी पडला असता."

"आन् हे मधलं?" माझ्या मुलीनं विचारलं.

"हे मांडीचं हाड. लई बळकट. सगळा भार याच्यावर."

पोरांना नीट दिसावं म्हणून मी तो टेकू हलवून हलवून काढला. माळा करकरला, पण उभा राहिला.

"पडला न्हाई की!"

"वर कुणी न्हाई, म्हणून."

हे मी माझ्या तोंडानं बोललो. मग मांडीचं हाड बायकोलाही दाखवावं म्हणून टेकू खांद्यावर टाकून घरी आणला, तासभर अक्कल पाजळली आणि तो भिंतीला लावून जेवायला बसलो.

आक्का रोज झुंजूमुंजूलाच माळ्यावर चढायची. शेत घराला लागूनच, तिची हाळी अंगणात ऐकू यायची. त्या सकाळीही आली. मी भाकरी कुस्करत होतो. गोफण एकदा वाजली, दोनदा वाजली. मग वाजलीच नाही. पाखरांचा थवा सावकाश ज्वारीवर उतरला आणि तिथंच राहिला. आक्का पाणी पीत असंल, असं म्हणत मी आणखी कालवण घेतलं.

मुलगी भिंतीकडं बघत होती.

"बाबा, मांडीचं हाड हितं हाय. मग आत्याखाली काय हाय?"

घास तसाच टाकून पळालो. माळा एका अंगाला बसला होता. आक्का ज्वारीच्या ताटांत पडलेली, डोळे उघडे, पाय गुडघ्याच्या वर भलतीकडंच वळलेला.

"टेकू कुटं गेला रं?" तिनं विचारलं. मला उत्तर येत होतं. पाचवी दोनदा करूनही एवढं पक्कं उत्तर मला कधी आलं नव्हतं.

उमापूरहून हाडवैद्य आला. त्यानं पाय ओढला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "जुळंल. पर उभी राहील का, सांगता येत न्हाई."

दोन महिने आक्का बाजेवर पडून होती. मी पोरांना शिकवायला बसलो नाही, त्यांनीही बोलावलं नाही. मग एका सकाळी आक्का बाजेवरून उठली, भिंतीला लावलेला तो टेकू धरून. पाय चार बोटं आखूड झाला होता.

"कुणी मोडून जाळू नगा ह्याला," एवढंच म्हणाली.

आता पोरं मोठी झाली. कुणी पाव्हणा माझ्या शिक्षणाची तारीफ करू लागला की आतून टेकू आपटल्याचा आवाज येतो, एक-एक पाऊल करत बाहेर येणारा. मी पाव्हण्याला लगेच पान देतो आणि पाऊसपाण्याचं विचारतो.