तेलातून काढलेलं सिरियम

माझ्या साडूने मला फसवलं. घरातले सगळे त्याला व्यवहार म्हणतात, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो.

साडू वैशाली नगरात राहतो. त्याची छोटी फाउंड्री बंद पडली तेव्हा उरलेला माल घ्यायला त्याने मला बोलावलं. मी हातगाडीवर भंगार गोळा करत मरोदा वस्तीत स्वतःचं गोदाम केलं. सासरवाडीच्या लग्नांत मात्र त्याच्या तोंडी मी कबाडीच राहिलो.

तेलाने भरलेल्या डब्यातून त्याने बोटाएवढ्या राखाडी कांड्या काढल्या.

"हे भंगार नाही होय, साडूभाऊ. सिरियम आहे. केरळात समुद्राच्या वाळूतून निघते. वितळल्या लोखंडातलं गंधक खाऊन टाकते."

त्याने एक कांडी चाकूने कापली. आत चांदीसारखी चमक. दुसरीवर कानस घासली तर ठिणग्यांचा सडा पडला. लायटरच्या खड्यात हेच असतं म्हणाला.

"नावाले दुर्मिळ, पण जमिनीत तांब्याएवढं आहे."

"मग भाव दुर्मिळाचा कावून सांगून राहिले?"

"वाळूतून वेगळं करून पाहा, मंग समजन."

घासाघीस करून भाव पटला. पण आमच्या धंद्यात ओला माल निथळूनच काट्यावर चढतो. "तेल तुमच्यापाशीच ठेवा," मी म्हणालो. तो हसला. "पक्के कबाडी आहा!" आणि एकेक कांडी स्वतःच्या हाताने फडक्याने कोरडी करून माझ्या गोणीत टाकत गेला.

रायपूरचा एक फाउंड्रीवाला पावसाळ्यानंतर माल बघणार होता. भंगार नसलेला माझा तो पहिला माल. गोदामाच्या पाटीवरचा 'कबाडी' शब्द खोडायला मी पेंटरला सांगूनही ठेवलं होतं.

पावसाळा सरल्यावर त्या गिऱ्हाइकासमोर गोणी उघडली. वर पिवळट भुकटी, खाली खपल्या सुटलेल्या कांड्या, बोटांनी चुरणाऱ्या.

"तेल में रखना था, सेठ. हवा इसको खा जाती है," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

पाटी अजून तशीच आहे.

साडूला विचारलं तर म्हणतो, "तेल नको तुम्हीच म्हटलं ना!" बायकोही मान डोलावते. म्हटलं, कबूल. पण मला माहीत नव्हतं, तुम्हाला होतं. वाळू सांगितली, गंधक सांगितलं, ठिणग्या दाखवल्या. हवेचं तेवढंच कावून लपवलं? कांड्या पुसताना कावून हसत होता? पुढच्या लग्नात, सगळ्या सासरवाडीसमोर, मला याचं उत्तर द्या.