"जुना आजार कोणाले आहे?" हा प्रश्न आधी आमच्या बैठकीत आला होता; मनालीत तोच हिंदीत आला.

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं, "कोई पुरानी बीमारी?" आणि माझी आई दुसऱ्यांदा म्हणाली, "नहीं साब, कुछ नहीं."

मनालीतल्या एका छोट्या दवाखान्यात मी खाटेवर पडले होते. नाकाला ऑक्सिजनची नळी. छातीत आतून कुणी पिळा देतंय असं दुखत होतं, डाव्या कुशीत वेगळंच दुखत होतं, आणि पायांच्या हाडांचं तर विचारूच नका. खाटेच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला माझी होणारी सासू. उंचावरच्या विरळ हवेचा त्रास असावा, असं डॉक्टरांना वाटत होतं. पण सोबतच्या बाकीच्यांचं नुसतं डोकं दुखतंय आणि हिचीच एवढी दशा का, हे त्यांना उमगत नव्हतं. आमच्याकडचा आजार त्या डोंगरात त्यांना कुठे रोज दिसणार?

मी आईकडे पाहिलं. तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. ती बोलणार नाही हे मला कळून चुकलं. मग मीच बोलले.

"सर, सिकलसेल है. एसएस. बचपन से."

डॉक्टरांचा चेहराच बदलला. "पहले क्यों नहीं बताया?" म्हणाले, आणि नर्सला भराभर काय काय सांगू लागले. रक्त तपासायला गेलं, सलाईन लागलं, दुखणं कमी करणारं इंजेक्शन बदललं. थोड्या वेळाने त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सिकल सेल क्रायसिस."

माझी होणारी सासू खाटेपासून मागे सरकली. फार नाही, पण मला दिसलं.

बहुतेकांना निदान होतं तेव्हा आपला आजार कळतो. मला माझा शाळेपासून ठाऊक होता. त्या दिवशी तो फक्त बाकीच्यांना कळला.

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. जिथे अडकतात तिथे असं दुखतं की स्वतःचं नाव आठवत नाही. अशा पुष्कळ ठिकाणी एकदम अडकल्या की तो क्रायसिस. थंडी, कमी पाणी पिणं, दगदग आणि विरळ हवा ही त्याची लाडकी कारणं, आणि आमच्या सहलीत ती सगळी हजर होती.

आई-बाप दोघांकडून हा दोष आला तर मूल एसएस, म्हणजे पेशंट. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही होत नाही, पण तो पुढे देऊ शकतो. माझे आई-बाबा दोघंही वाहक आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीकडे या आजाराचे पेशंट हवे तेवढे सापडतील, पण लग्नाची बोलणी सुरू झाली की तो एकाएकी कुणालाच नसतो. माझ्या गोळ्यांनाही घरात "ताकदीच्या गोळ्या" असंच नाव होतं.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावची. तिथेच शाळेत शिकवते. सुमेध कोरपन्याचा, सिमेंट कारखान्यात फिटर. आमचं साक्षगंध झालं, म्हणजे लग्न पक्कं झालं. बुद्धवंदना झाली, पेढे झाले, आणि त्याचे वडील, म्हणजे माझे होणारे मामाजी, यांनी जाहीर केलं, "लग्नाच्या आधी दोन्ही घरं एक डाव संग फिरून येऊ. माणूस घरात नाई समजत, गाडीत समजते."

आता मामाजींना विम्याचा भारी सोस. त्यांचा एक मित्र सहलीत पाय मोडून घेऊन आला होता. तेव्हापासून प्रवास विमा काढल्याशिवाय हा माणूस चंद्रपूरलाही जाणार नाही, असं सुमेध चिडवायचा. मामाजींनी दोन्ही घरांचा मिळून विमा काढायचं ठरवलं, आणि तेही लगेच, त्याच बैठकीत. मोबाइल हातात घेऊन ते एकेक प्रश्न मोठ्याने वाचू लागले. नाव, वय, नातं. मग म्हणाले, "हं, आता मले सांगा, जुना आजार कोणाले आहे? बीपी, शुगर, रक्ताचा, काही?"

सगळे हसले. माझ्या होणाऱ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना, त्या म्हणाल्या, "आमच्या घरात सर्दी नाई टिकत, जुना आजार कुठला!"

"आमचंही तसंच," बाबा म्हणाले.

"पोरगी तर आमची ठणठणीत आहे," आई म्हणाली.

मी चहाच्या कपात पाहत बसले. आज आठवलं की डोकं फिरतं. जो प्रश्न दार लावून एकेकट्याला विचारायचा, तो आम्ही अख्ख्या सोयऱ्यांपुढे, चिवड्याच्या ताटल्या मांडीवर घेऊन सोडवला. तिथे खरं कोण बोलणार होतं? पण आमच्याकडे हे असंच. काहीही भरायचं असलं की सगळी बैठक मिळून भरते, आणि शेजारचे काकाही एखादं उत्तर देऊन जातात.

सहल फार छान झाली, हे मी सांगितलंच पाहिजे. मामाजी रेल्वेच्या डब्यातल्या सगळ्यांना विम्याचे फायदे सांगत होते. आई आणि आत्याबाई एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. वर घाटात बर्फ पाहायला गेलो तेव्हा सुमेधने बर्फाचा गोळा माझ्या स्वेटरात घातला आणि मी त्याच्या मागे धावले. त्या धावण्यातच पाय दुखायला लागले. थंडीने दुखत असतील, असं मी स्वतःलाच बजावलं. संध्याकाळी कूस दुखू लागली, तरी जेवताना मी हसत होते. सकाळी उठले तर श्वास अर्ध्यातच अडकत होता, आणि मग तो दवाखाना.

तिथून मला अॅम्ब्युलन्सने खाली मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "अक्यूट चेस्ट सिंड्रोम." म्हणजे वाकलेल्या पेशी फुप्फुसात अडकल्या होत्या. यात माणूस जातो. त्यांनी ते मला सांगितलं नाही, बाबांना सांगितलं. मला त्यांनी एवढंच सांगितलं, "तूने खुद बता दिया, अच्छा किया बेटा."

आयसीयूत दिवस आहे की रात्र, कळत नव्हतं. यंत्रं टिकटिक करायची. आई भेटायच्या वेळेला यायची, माझे पाय चोळायची आणि निघून जायची. मला तिचा राग होता. आणि ती गेली की तीच हवी असायची.

बाहेर काय झालं ते मला सुमेधने नंतर सांगितलं. मामाजींनी विमा कंपनीला फोन लावला. सवयीप्रमाणे स्पीकरवर. पलीकडच्या बाईने अगदी नम्रपणे विचारलं, हा आजार विमा घेण्याआधीपासून होता का? मामाजी बाबांकडे पाहत राहिले. "नाही" म्हणायला तेवढी फट होती. कदाचित चाललंही असतं.

बाबांनी फोन हातात घेतला. "होता," म्हणाले. "लहानपणापासून होता. आमाले मालूम होता."

माझ्या बाबांनी हे मोठ्याने उच्चारलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि म्हटलं तेव्हाही मी तिथे नव्हते. कंपनीने हात वर केले. त्यांचं बरोबरच होतं, आम्हीच खोटं लिहून दिलं होतं. बाबा भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडायला लागले. मामाजींनी त्यांना हाताला धरून बसवलं. "बसा भाऊ," म्हणाले. मग, "मले सांगाचं होतं ना भाऊ. एका शब्दानं सांगाचं होतं."

माझं हिमोग्लोबिन घसरत चाललं होतं. रक्त द्यावं लागणार होतं. सुमेध सगळ्यांच्या आधी बाही वर करून उभा राहिला. त्याचा आणि माझा गट एकच. तो काचेपाशी येऊन खुणा करून गेला, आणि नर्सला विनवून एक चिठ्ठी आत पाठवली: "आता माझं रक्त तुझ्या अंगात येणार, मग भांडशील कशी?" मी हसले तर छातीत कळ आली.

पण डॉक्टर शहाणे होते. सिकलच्या पेशंटला द्यायचं रक्तही सिकलचं असून चालत नाही, आणि आम्ही सगळे एकाच भागातले. म्हणून त्यांनी दात्यांचंही रक्त तपासून घेतलं. मग सुमेधला बोलावून सांगितलं, "आप भी कैरियर हैं. आपका खून इनको नहीं दे सकते."

सुमेधला वाटलं, नमुना बदलला असेल. तो हसत हसत स्वतःच्या आईकडे वळला. आत्याबाईंनी त्याची वर केलेली बाही खाली ओढली.

"तू लहान होतास तवाच समजलं होतं," त्या म्हणाल्या. "मी कोणाले नाई सांगतलं. तुह्या बाबाले नाई, तुले बी नाई."

म्हणजे त्या बैठकीत चिवडा खात दोन घरं एकमेकांना तेच खोटं सांगत होती. सर्दी न टिकणाऱ्या घरात ते होतं आणि ठणठणीत पोरीच्या घरातही होतं.

मला रक्त मिळालं ते तिकडच्याच कुण्या माणसाचं. त्याचं नाव मला माहीत नाही, चेहरा माहीत नाही. त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो. मी आज फळ्यावर खडू चालवते ती त्याच्यामुळे.

मी आयसीयूतून बाहेर आले तेव्हा आई आणि आत्याबाई एकाच बाकावर बसल्या होत्या. आत्याबाई उठल्या, माझ्या केसांत अडकलेला चिकटपट्टीचा तुकडा त्यांनी हळूच सोडवला, आणि रडत रडत म्हणाल्या, "पोरी, मी मागं सरकली ना तवा, तुह्यापासून नाई सरकली व. मी माह्याच खोट्याले भेली होती."

घरी आल्यावर चंद्रपूरला समुपदेशक ताईंनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. एक पेशंट आणि दुसरा वाहक असला तर प्रत्येक वेळी निम्मी शक्यता मूल पेशंट होण्याची. गर्भातच तपासणी करता येते. निर्णय तुमचा.

सुमेध म्हणाला, "आपण लेकरूच नाई होऊ देऊ. मले तू पाह्यजे."

मला तो फार आवडायचा. आजही आवडतो, लपवून काय करू? आजार लपवून पुष्कळ झालं, आता हे तरी लपवत नाही. पण तो घरातला एकुलता एक. आत्याबाई कितीही "चालते" म्हणाल्या तरी नातवंडाच्या वाटेकडे त्यांचे डोळे लागणार, हे मला दिसत होतं. मग कधीतरी वाटणार, एकदा पाहू या. आणि ते लेकरू तसंच खाटेवर पडलं, त्याची हाडं तशीच दुखायला लागली, तर मी त्याच्याकडे कोणत्या तोंडाने पाहू? मी नाही म्हटलं. दुसरी कुणी हो म्हणेल, तपासण्या करून नीट संसार करेल, तिचं काही चुकणार नाही. माझ्यात तेवढं बळ नव्हतं. खरं कळल्यावरच एकमेकांना आवडायला लागलो असतो तर गोष्ट वेगळी झाली असती का, हे मी अजून स्वतःला विचारते.

साक्षगंधातली साडी मी परत पाठवली. आत्याबाईंनी ती तशीच उलट पाठवली. ती मी नेसत नाही आणि कुणाला देतही नाही.

गेल्या महिन्यात सुमेधचं जमलं. "आधी दोघांची तपासणी केली, मगच पाहायला गेलो," असा त्याचा मेसेज आला. मी वर केलेला अंगठा पाठवला आणि शाळेच्या बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

तुमच्या घरी असं काही असेल तर माझं एवढं ऐका. सहलीला निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, कुठे जावं आणि कुठे नाही. विमा काढताना आजाराचा प्रश्न बैठकीत सोडवू नका. ज्याचा आजार त्यानेच लिहावा, आणि खरा लिहावा. खरं लिहिलं तरी त्या आजाराचा खर्च कंपनी देईलच असं नाही, म्हणून आधीच विचारून घ्या. आणि विमा नाही मिळाला तरी चालेल, पण सोबतच्या एका तरी माणसाला खरं माहीत असू द्या. माझ्या शेजारी दोन आया उभ्या होत्या आणि सांगणारं कुणी नव्हतं.

यंदा आम्ही बोधगयेला जाणार आहोत. आई, बाबा आणि मी. डॉक्टर म्हणाले, जा, पाणी पीत राहा. परवा मूलच्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात गेलो. दुकानात बरीच गर्दी होती, आम्ही काउंटरसमोरच्या बाकावर बसलो. काउंटरवरच्या मुलीने विम्याचं विचारलं आणि मग तो प्रश्न आलाच, "कोणाला जुना आजार?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "आहे. माह्या पोरीले सिकलसेल आहे. लिहा."

इतक्या मोठ्याने की बाहेर चप्पल काढणाऱ्या माणसाने वळून पाहिलं.

"आई, हळू बोल ना," मी म्हटलं.

"काऊन? हळू काऊन बोलू?" ती म्हणाली.

मागच्या बाकावर एक बाई आपल्या पोरीला घेऊन बसली होती. पोरगी दहावी-बारावीतली असावी, डोळे किंचित पिवळट, आमच्या आजारात होतात तसे. ती बाई उठून आईजवळ आली आणि तिने कानाशी लागून विचारलं, "बाई, तुमच्या पोरीलेही आहे का?"

आईने तिला आपल्या बाकावर सरकून जागा करून दिली.