रेघेपलीकडचा चेंडू

२००३ च्या उन्हाळ्यात जुन्नर तालुक्यातले एक जुने फुटबॉल गोलरक्षक वारले. दहाव्याला नदीकाठी भाषणे झाली. प्रत्येक वक्त्याने त्यांच्या एकाच झेपेचे वर्णन केले. त्या झेपेत चेंडू अडला नव्हता, असे ते स्वतः मला अनेक वर्षे सांगत होते.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. बातम्यांसाठी जुन्नर स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात बसत असे. गोलरक्षक पुण्याच्या एका कारखान्याच्या संघातून खेळून निवृत्त झाले होते आणि मढजवळच्या गावी राहत होते. बाजारच्या दिवशी एसटीने येत. सगळे त्यांना गोली म्हणत. हॉटेलात त्यांचे चाहते ठरलेल्या बाकावर असत. त्यांतला एक शिंपी सर्वांत बोलका होता.

ती झेप साठच्या दशकातली. जुन्नरच्या मैदानावर अंतिम सामना, शेवटची मिनिटे. गोलाचे खांब बांबूचे, जाळी नाही. समोरच्या संघातल्या एकाने डाव्या बाजूने चेंडू मारला, गोलींनी झेप घेऊन तो छातीशी धरला. पंच मैदानाच्या मध्यावर होते. त्यांनी गोल दिला नाही. लोक आत घुसले आणि गोलींना खांद्यावर घेतले.

गोलींचे म्हणणे वेगळे होते. "धरला ते खरं. पण उठलो तवा फक्कीची रेघ माझ्या मांडीखाली व्हती. छाती अन् चेंडू पार पलीकडं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?" मी विचारले.

"खांद्यावरनं कुणाला सांगू, राव? खाली उतरवलं तवा ढाल हातात व्हती."

त्यांची इच्छा एकच होती. दोघे जिवंत असताना तो गोल चार लोकांत, मारणाऱ्याच्या नावावर लागावा. मारणाऱ्याचे जुन्नरमध्येच गाद्यांचे दुकान होते.

गोलींनी हे बाकावर सांगितले की शिंपी म्हणे, "गोली, तुमी डोळं मिटून उडी मारली. आमी उघडं ठिवून बघितली. आता सांगा, कुणाचं खरं?" बाक हसे. "मोठा माणूस लई. बगा, अजून पाय जमिनीवर हायेत," असे कोणीतरी पुढे जोडे.

मी गोलींचे म्हणणे बातमी म्हणून पाठवले, पहिल्याच परिच्छेदात. डेस्कने मथळा दिला, 'विनम्र गोलरक्षक'. कात्रण हॉटेलात फ्रेम करून लागले. गोलींनी ते उभ्या उभ्या वाचले आणि चहा न घेता स्टँडकडे गेले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी तालुक्यात फुटबॉल स्पर्धा पुन्हा सुरू झाली. उद्घाटनाला गोलींचा सत्कार ठरला. गादीवाल्यांनाही व्यासपीठावर बोलवा, तरच येतो, अशी त्यांनी अट घातली. फेटा, शाल, नारळ झाल्यावर त्यांनी माइक घेतला.

"त्या दिवशी गोल झाला व्हता. तो ह्याचा."

टाळ्या पडल्या. गादीवाल्यांनी माइक मागून घेतला. "नाही. यानंच अडवला. मी समोर होतो." टाळ्या आणखी वाढल्या. सत्कारमूर्तींचे भाषण संपले असे समजून सूत्रसंचालकाने आभार मानायला घेतले.

मंडपामागे मी दोघांच्या जवळच उभा होतो.

"तू तरी?" गोली म्हणाले.

"अरे, दुकानात गिऱ्हाईक येतं, विचारतं, गोलीनं ज्याचा बॉल धरला तो तूच का? खुर्ची ओढून बसतं. गोल झाला म्हणालास तर मी कोण रे? गोल तर सगळेच मारतात."

"पण मारला का न्हाई तू?"

"मारला की. तुला ठाऊक, मला ठाऊक. बस झालं."

"मला न्हाई व्हत बस," गोली म्हणाले. फेटा काढून त्यांनी काखेत धरला होता. मी वहीत काही लिहिण्याआधी गादीवाले माझ्याकडे वळले. "हे छापायचं नाही हं, भाऊ. मी नाही म्हणून सांगेन."

पुढे गोली आजारी पडले. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "परत एकदा टाका." मी मजकूर पाठवला. ही बातमी आधी येऊन गेली आहे, असा डेस्कचा निरोप आला. तो मी पुन्हा गावी जाऊन त्यांना सांगितला. त्यांनी मान हलवली आणि जुन्नरला परतायची शेवटची एसटी चुकेल, म्हणून मला उठवले.

दहाव्याला गादीवाले पुढच्या रांगेत होते. बोलण्यासाठी त्यांचे नाव पुकारले गेले. ते उभे राहिले, हात जोडले आणि बसले.

पुढच्या हिवाळ्यात स्पर्धेतल्या उत्कृष्ट गोलरक्षकासाठी गोलींच्या नावाची ढाल सुरू झाली. तिच्यावर ती झेप कोरलेली आहे. चेंडू रेघेच्या अलीकडे आहे. पहिल्या वर्षी ती ढाल गादीवाल्यांच्या हस्ते देण्यात आली.